जांभळी बाजू

परवा निफाडकडे आतेभावाच्या द्राक्षबागेत गेले होते. जानेवारी सरत आलेला, मण्यांत पाणी उतरून गोडी भरायला लागलेली, आणि साळुंक्या-बुलबुलांनी उच्छाद मांडलेला. यंदा सगळ्या बागेला जाळी टाकणं परवडत नाही म्हणून भावाने बांधाकडच्या ओळींना चमकत्या पट्ट्या बांधल्या होत्या आणि पट्ट्या संपल्या तिथून पुढे सीड्या. मधल्या भोकातून सुतळी ओवून मांडवाच्या तारेला टांगलेल्या, शंभर-दीडशे तरी असतील. वाऱ्याची झुळूक आली की सगळ्या एकदम गिरक्या घ्यायच्या आणि पानांवर, मातीवर, आमच्या तोंडावर उजेडाचे तुकडे धावत जायचे. एकेक मणी तोंडात टाकत मी सावकाश चालले होते. ओळीच्या टोकाची एक डिस्क वळली आणि तिच्या छापील बाजूवर मला वाफेचं इंजिन दिसलं. हिरवं, पितळी पट्ट्याचं. उन्हाने जरा विटलेलं. इंजिनाच्या खाली काळ्या मार्करने, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'मूळ प्रत'.

अक्षर अण्णांचं होतं.

त्यात आश्चर्य वाटण्यासारखं तसं काही नाही. दिवाळीच्या आवराआवरीत अण्णांच्या जेलरोडच्या फ्लॅटमधून बरंच सामान निघालं होतं आणि त्यातली एक जड कापडी पिशवी अण्णांनीच भावाच्या गाडीत ठेवायला लावली होती. सीड्या आहेत, पाखरांना होतील, एवढंच म्हणाले होते. पण बागेतून घरी येईपर्यंत मला ते इंजिन काही सोडेना. अण्णांनी मूळ प्रत पाखरांना दिली असेल, तर घरात काय ठेवलं? दुसरी, जांभळ्या पोटाची. आणि अण्णांनी, आमच्या अण्णांनी, असली देऊन नकली ठेवावी हे मला कुठल्याच बाजूने जुळवता येत नव्हतं.

कारण आमचे अण्णा प्रेसमधले. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. 1928 पासून इथे नोटा छापल्या जातात, आणि अण्णांनी नोकरीतली बहुतेक वर्षं तपासणीत काढली. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. खिशात स्वतःची नोटही न्यायची नाही. या माणसाच्या बोटांना अशी सवय लागली होती की भाजीवाल्याने सुटे दिले तरी नोटेच्या कडेवरून अंगठा फिरायचाच. उठावाची छपाई बोटाला लागते का, धागा आहे का, आणि मग नोट ट्यूबलाइटकडे धरून वॉटरमार्क. आईला त्याची लाज वाटायची. "अहो, दहाची नोट आहे," ती पुटपुटायची. "दहाचीच कोणी बघत नाही," अण्णा म्हणायचे. आमच्या घरात 'नक्कल' हा शब्द शिवीच्या खालोखाल होता. शाळेत मी मैत्रिणीच्या वहीतून भूगोलाचा नकाशा ट्रेस केला तर त्यावरही मला ऐकून घ्यावं लागलं होतं.

ती डिस्क, खरं तर डीव्हीडी, आली 2004 मध्ये. दादा तेव्हा नुकताच अमेरिकेत स्थिरावत होता आणि अण्णांच्या वाढदिवसाला काय पाठवावं हे त्याला बरोबर सुचलं. जुन्या वाफेच्या इंजिनांवरचा माहितीपट, दोन तासांचा. अण्णांचं लहानपण इगतपुरीला गेलेलं, आजोबा तिथे रेल्वेत फिटर. मुंबईहून विजेचं इंजिन गाडी घाटावर आणायचं, इगतपुरीला ते सुटायचं आणि भुसावळकडे जायला वाफेचं जोडलं जायचं. त्या अदलाबदलीच्या दहा-पंधरा मिनिटांत प्लॅटफॉर्मवर जे काही घडायचं, पाणी भरण्याचा आवाज, ओल्या कोळशाचा वास, दांड्यांवरचं तेल, ते अण्णा आम्हाला जेवताना सांगायचे, कैकदा, आणि आम्ही 'हो हो' करायचो. दादाने त्यातलं काही ऐकलं होतं म्हणायचं.

पुठ्ठ्याच्या डब्याला प्लास्टिकचं वेष्टन, त्यावर चंदेरी होलोग्राम. अण्णांनी आधी तो होलोग्राम तिरका करून बघितला आणि "बरा आहे" असा शेरा दिला. मग आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. प्लेअर चांगल्या कंपनीचा होता, अण्णांनी मुद्दाम महागातला घेतलेला. डिस्क आत गेली, फिरल्याचा आवाज आला आणि निळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली, की या विभागात ही डिस्क चालवायला परवानगी नाही.

अण्णांनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली.

"परवानगी नाही म्हणजे? पैसे भरलेत ना त्याने?"

मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, त्यामुळे समजावणं माझ्याकडे आलं. मी सांगितलं की कंपन्यांनी सगळ्या जगाचे विभाग पाडलेत. अमेरिका एक नंबर, युरोप आणि जपान दोन, चीन सहा, आणि आपण पाच. आपल्याबरोबर रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग. विमानांसाठी आठ नंबर वेगळा. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर लागू नये, म्हणजे सिनेमा तिकडे आधी, इकडे नंतर, तिकडे एका भावाने, इकडे दुसऱ्या भावाने विकता येतो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे जकात नाका," ते म्हणाले. "पण माल घरात आल्यावर?" शेजारच्या मुलाने चिनी बनावटीचा, आमच्या निम्म्या किमतीचा प्लेअर आणला होता, त्यावर जगातली कुठलीही डिस्क मुकाट्याने चालायची. दुसऱ्या काही प्लेअरांना रिमोटवर ठरावीक आकडे दाबले की विभाग सुटायचा, आणि ते आकडे कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ असायचे. आमचाच तेवढा इमानी होता. महागातला घेतला की असं होतं. शेजाऱ्याकडे जाऊन बघू असं आई म्हणाली, पण अण्णांना दुसऱ्याच्या घरी दोन तास बसून आपल्या वाढदिवसाची भेट बघणं मान्य नव्हतं.

मग मी त्यांना एम. जी. रोडला घेऊन गेले. ती गल्ली ज्यांनी तेव्हा बघितली असेल त्यांना सांगायला नको. एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात, जिन्यावर पान थुंकलेलं, आत दहा बाय दहाचं दुकान आणि त्यात एसी इतका थंड की चष्म्यावर धुकं. काउंटरमागे एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याच्यासमोर टेबलाखाली तीन पीसी उघड्या पोटाने चालू, पंख्यांची घरघर, आणि कोऱ्या डिस्कांचे दांड्यावर ओवलेले गठ्ठे, जिलब्यांसारखे. अण्णांनी पिशवीतून डबा काढून पुढे ठेवला. मुलाने डिस्क उलटी करून उजेडात बघितली. अण्णा नोट बघतात तशीच, मला तेव्हा जाणवलं.

"डबल लेयर आहे काका. साडेआठ जीबी. कोरी आपली चार पॉइंट सातची असते, थोडी दाबून टाकावी लागेल. मेनू-बिनू काढून टाकू का?"

"कुलूप असेल ना तिला?" अण्णांनी विचारलं.

मुलगा हसला. त्याने डिस्क ड्राइव्हमध्ये सरकवली, एक बटण दाबलं आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. अण्णा त्या पट्टीकडे टक लावून बघत होते. एवढंच? त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी राग म्हणणार नाही, समाधान तर नाहीच. एखाद्या कसबी कारागिराने दुसऱ्या कारागिराचं काम बघावं आणि ते कच्चं निघावं, तसं काहीतरी. चाळीस मिनिटांनी मुलाने गरम डिस्क हातात दिली. पन्नास रुपये. खालची बाजू चंदेरी नव्हती, जांभळट होती, तेल सांडलेल्या डबक्यावर ऊन पडल्यासारखी. अण्णांनी त्याच्याकडूनच मार्कर मागून घेतला. मूळ डिस्कवर लिहिलं 'मूळ प्रत' आणि त्या जांभळीवर 'नक्कल'. दुकानदार पोराने असलं गिऱ्हाईक आधी पाहिलेलं नसणार.

घरी येताना रिक्षात अण्णांनी मला विचारलं होतं, की ते कुलूप केलं कोणी, आणि एवढं तकलादू का. त्याचं उत्तर मला तेव्हा अर्धवट येत होतं, नंतर वाचत गेले तसं पुरं झालं. 1996 मध्ये ती पद्धत आली. डिस्कवरचं चित्र 40 बिटांच्या किल्लीने घोळवून ठेवायचं. 40 बिट म्हणजे साधारण 1 लाख 10 हजार कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण कॉम्प्युटरला किरकोळ, आणि त्या घोळवण्याच्या रीतीतच अशा फटी होत्या की एवढ्या शक्यता तपासायचीही गरज पडत नव्हती. बरं, डिस्क उघडणारी किल्ली त्याच डिस्कवर ठेवलेली, चारशेहून जास्त वेळा, वेगवेगळ्या पेट्यांत. प्लेअर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला त्यातली आपापली पेटी उघडायची एक किल्ली दिलेली. म्हणजे तुम्ही डिस्क विकत आणली आणि प्लेअर विकत आणला की कुलूपही तुमच्या घरात, किल्लीही तुमच्या घरात आणि आतला ऐवजही तुमच्याच घरात. फक्त किल्ली कुठे आहे ते बघायचं नाही, एवढी अट. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या, ही म्हण आपल्याकडे मूर्खपणासाठी वापरतात. इथे तर आधी गिऱ्हाइकाला चोर ठरवायचं आणि मग किल्ल्या त्याच्याकडेच द्यायच्या.

व्हायचं तेच झालं. एका सॉफ्टवेअर प्लेअरवाल्यांनी आपली किल्ली नीट झाकली नव्हती, ती सापडली, आणि ऑक्टोबर 1999 मध्ये ते कुलूप उघडणारा छोटासा प्रोग्रॅम जगभर पसरला. तो पसरवणाऱ्या तिघांपैकी नाव कळलं ते एकाचंच, नॉर्वेचा योन लेक योहानसेन. वय वर्षं पंधरा. लिनक्स या मोफत कॉम्प्युटर-प्रणालीवर डीव्हीडी बघता याव्यात हा हेतू, असं त्याचं म्हणणं. पोलीस त्याच्या घरी येऊन कॉम्प्युटर घेऊन गेले, खटला चालला, 2003 च्या जानेवारीत तो सुटला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपिलातही सुटला. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतः उघडणं हा गुन्हा होत नाही, असं कोर्टाने धरलं. अमेरिकेत मात्र तो प्रोग्रॅम वेबसाइटवर ठेवायला कोर्टाने बंदी केली. मग लोकांनी काय करावं? टी-शर्टवर छापला. कोणी हायकूंमध्ये लिहिला. एकाने 1400 हून अधिक अंकांची अशी एक मूळ संख्या शोधून काढली की ती योग्य रीतीने उलगडली की तो प्रोग्रॅमच बाहेर यावा. आता संख्येवर बंदी घाला! हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले होते.

याच सुमारास गाण्यांच्या सीडीलाही कुलपं लावायचा प्रयोग झाला. त्यातलं एक 2002 मध्ये साध्या स्केचपेनने मोडलं, डिस्कच्या बाहेरच्या कडेला एक काळी रेघ ओढली की कुलूप गायब. दुसरं 2003 मध्ये कीबोर्डवरचं शिफ्टचं बटण दाबून धरल्याने. यावर पानभर लिहिता येईल, पण बटण दाबण्यावर किती लिहिणार.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. ज्यांच्यासाठी ही कुलपं म्हणत होते त्यांना ती लागलीच नाहीत. ज्याच्याकडे डिस्क छापायचा कारखाना आहे तो कुलूप उघडण्याच्या भानगडीत कशाला पडेल? तो कुलपासकट, किल्लीसकट, सगळे ठसे जसेच्या तसे उमटवतो आणि प्लेअर ती डिस्क असली म्हणून मान तुकवून चालवतो. आपण बाजारातून आणतो त्या कोऱ्या डिस्कवर मात्र किल्लीची जागा आधीच भरून बंद केलेली असते, तिथे लिहिताच येत नाही. आणि शालिमारला फुटपाथवर शुक्रवारचा सिनेमा शनिवारी मिळायचा तो तर कुठल्याच डिस्कवरून आलेला नसायचा. तो थिएटरात कॅमेरा धरून काढलेला. मध्येच पुढच्या रांगेतला माणूस उठून बाहेर जायचा आणि अर्ध्या पडद्यावर त्याचं डोकं. व्हीसीडीला तर मुळात कुलूपच नव्हतं, आणि आमच्या गावात सर्वांत जास्त चालायची ती व्हीसीडीच. म्हणजे कुलूप अडवत होतं कोणाला? दादाने डॉलर मोजून पाठवलेली भेट बघू पाहणाऱ्या एका निवृत्त माणसाला.

इथे मी फार शहाणपणा करू नये हेही कळतं. माझ्या कॉलेजातल्या एकाने एका मराठी सिनेमाच्या ध्वनीचं काम केलं होतं, पैसे निम्मे मिळालेले, उरलेले सिनेमा चालल्यावर. सिनेमा दुसऱ्या आठवड्यात उतरला आणि तोवर त्याची व्हीसीडी रविवार कारंजावर तीस रुपयांना विकायला होती. तो ती विकत घेऊन आला, आपलं नाव पाट्यांमध्ये आहे का बघायला. नव्हतं, पाट्या कापल्या होत्या. त्या संध्याकाळी त्याच्यासमोर बसून 'माहिती मुक्त असावी' वगैरे बोलण्याची माझी छाती झाली नाही. आजही होणार नाही. पुढे 2009 मध्ये सरकारने व्हिडिओ पायरसीवाल्यांना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या कायद्यात नेऊन बसवलं, तेव्हा मला हसू आलं होतं खरं, पण त्या मित्राला आलं नसतं.

हा फुटपाथवरचा धंदा कशाने बसला ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढल्या. पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, किराणा दुकानात बिस्किटांशेजारी टांगलेल्या. फुटपाथवरच्याला तीस द्यायचे तर दुकानातली अठ्ठावीसची का नको? पाट्या कापलेल्या नाहीत, मध्ये कोणी उठत नाही. पुढे डिस्क बघणंच संपलं आणि 2018 मध्ये ती कंपनीही दिवाळखोरीत निघाली, पण ती दोन-चार वर्षं बघण्यासारखी होती.

अण्णांनी ती 'नक्कल' लगेच बघितली नाही. हे मला पुरेपूर आठवतंय, कारण मी दर आठवड्याला विचारायचे. टीव्हीखालच्या खणात दोन्ही डिस्का शेजारी-शेजारी. बघू, ते म्हणायचे. ते दिवस तेलगी प्रकरणाचे होते. बनावट मुद्रांकांच्या बातम्यांत पेपरात रोज नाशिकच्या प्रेसचं नाव, तिथून भंगारात निघालेल्या मशिनींचा उल्लेख. नाशिकरोडच्या बाजारात प्रेसवाल्यांना लोक थट्टेने विचारायचे. अण्णा पेपर वाचून घडी करायचे आणि घडीवरून पुन्हा हात फिरवायचे. निवृत्त झालेले, त्या खात्याशी काडीचा संबंध नसलेले, तरी त्यांना ते स्वतःला लागल्यासारखं लागलं. त्या वातावरणात 'नक्कल' लिहिलेली डिस्क प्लेअरमध्ये घालणं त्यांना जमत नसावं. कुलूप कसं असावं याबद्दल मात्र त्यांचं एक मत होतं, आणि ते मला कुठल्याच तांत्रिक लेखात सापडलं नाही. "नोट आपण लपवत नाही," ते म्हणाले होते. "सगळ्यांच्या हातात देतो. उलट-सुलट करून बघ म्हणतो. सगळं दिसतं आणि तरी करता येत नाही. यांचं उलटं आहे. यांना दाखवायचंही आहे आणि लपवायचंही आहे."

आता गंमत बघा. ज्या गावात नक्कल न होण्याची कला रोज पोटापाण्याला लागते, त्याच गावात दादासाहेब फाळक्यांनी आपली बहुतेक चित्रसृष्टी उभारली. त्र्यंबकला जन्म, नाशिकला शेवट. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन जायचो तेव्हा पोरं कारंज्यात पाय बुडवायची. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातलं पहिलं आणि शेवटचं असं म्हणून जे आहे, तेही 1917 मध्ये फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतलं, असं बरेच अभ्यासक मानतात. नव्वदहून जास्त सिनेमे त्या माणसाने काढले आणि आज हाताला लागतात ते तुकडे. नायट्रेटची फिल्म, लगेच पेट घेणारी, प्रती मोजक्या, आणि त्या काळातली कितीतरी रिळं आतली चांदी काढायला भंगारात गेली. कोणीतरी चोरून एखादी प्रत काढून माजघरात दडवली असती तर? मी हे अण्णांना म्हटलं तर ते लगेच म्हणाले, "इगतपुरीला आमच्या घरी ठेवायची. माळा रिकामाच होता." मग जरा थांबून, "पण परवानगीने."

बागेतून निघताना मी ती डिस्क सोडवून मागितली होती. "घे की," भाऊ म्हणाला, "एक कमी झाली म्हणून साळुंक्या पंगत मांडणार नाहीत." काल जेलरोडला गेले. पर्समध्ये ती डिस्क, लॅपटॉप आणि मुलीकडून मागून आणलेला यूएसबीवाला ड्राइव्ह, कारण अण्णांचा तो इमानी प्लेअर केव्हाच भंगारात गेलाय. अण्णा आता ऐंशीच्या घरात. डिस्क टेबलावर ठेवली तर त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू चोरी मीच केली.

"ही कशाला आणलीस?"

"मूळ प्रत पाखरांना दिलीत?"

"चालत नव्हती ती," ते म्हणाले. "ठेवून काय पूजा करायची?"

मग उठून त्यांनी कपाट उघडलं. एलआयसीच्या पावत्यांच्या फाइलमागे एक खाकी पाकीट, त्यात 'नक्कल'. पाकिटावर तारखा होत्या. एकाखाली एक, दोन रकान्यांत, रजिस्टरात मारतात तशा. पहिली 12 मार्च 2005, म्हणजे जवळजवळ वर्षभर नुसती ठेवून मग. त्यानंतर कधी दोन महिन्यांनी, कधी आठवड्यात दोनदा. आई गेली त्या महिन्यात पाच तारखा. शेवटची 2019 मधली. मी मोजल्या नाहीत, पाकीट परत त्यांच्या हातात दिलं.

आधी जांभळीच लावली. सुरू झाली, रंग जरा उडालेले, आणि पाणी भरायचा प्रसंग आला तिथे चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला आणि ड्राइव्ह कुरकुरत बसला. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. घरी लिहिलेल्या डिस्कच्या आतला रंगद्रव्याचा थर कालांतराने मरतो, हे मी शिकवलंय कधीकाळी. अण्णा काही बोलले नाहीत. मग मी दुसरी घेतली. सुतळीचा धागा अजून भोकाला होता, तो काढला, पदराने धूळ पुसली, कडेला पाखराची शीट वाळलेली होती ती ओल्या फडक्याने. व्हीएलसीत घातली. हे फुकटचं सॉफ्टवेअर फ्रान्समधल्या कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेलं, ते विभाग-बिभाग विचारत नाही. कुलूप दिसलं की स्वतःच किल्ली शोधतं. दोन-तीन सेकंद काही झालं नाही. मग हिरवं इंजिन आलं. वीस वर्षांत पहिल्यांदा, मूळ डिस्कवरून, आमच्या घरात.

पाणी भरायचा आवाज नीट ऐकू आला. नळकांडं फिरतं, साखळी ओढतात, आणि मग तो धबधबा. अण्णांनी तीनदा मागे नेऊन ऐकला.

सिनेमा संपल्यावर त्यांनी दोन्ही डिस्का हातात घेतल्या आणि सवयीने एकेक करून ट्यूबलाइटकडे धरल्या. चंदेरीतून काही दिसेना. जांभळीतून ट्यूबलाइट दिसत होती, फिकट, एखाद्या काचेतून दिसावी तशी. बराच वेळ त्यांनी तीच धरून ठेवली.

"हिची एक प्रत काढून ठेव," त्यांनी चंदेरी माझ्यापुढे सरकवली. "उन्हात होती महिनाभर. भरवसा नाही."

मी म्हटलं, कोऱ्या डिस्का आता मिळवायलाच हिंडावं लागेल, मी पेनड्राइव्हवर घेते.

त्यांनी माझ्या हातातला पेनड्राइव्ह घेतला, उलटसुलट केला. अंगठ्याएवढा काळा तुकडा.

"यावर 'नक्कल' कुठे लिहायचं?" अण्णांनी विचारलं.